पुणेमध्ये की पुण्यात?

‘पुणेमध्ये आज पावसाची शक्यता’ अशी सूचना मोबाईलवर येते आणि मराठी कान अडखळतो. अर्थ कळतो, पण जिथे शब्द वाकायला हवा होता तिथे तो ताठ उभा आहे.

‘इन्फ्लेक्शन’ या इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळ ‘वाकवणे’ असेच आहे. बोलताना आवाजाला येणारा बाक आणि व्याकरणात शब्दाच्या रूपात होणारा बदल, या दोन्हींना इंग्रजीत हा एकच शब्द चालतो. मराठीत पहिला तो हेल. दुसऱ्याला व्याकरण ‘विकार’ म्हणते. शाळेत आपण विकारी आणि अविकारी शब्द पाठ केले, ते याच अर्थाने.

हेल काय करतो हे घरातच ऐकू येते. ‘जेवलास’ हा शब्द खालच्या सुरात संपला तर ते विधान, शेवटी सूर चढला तर प्रश्न. ‘शहाणाच आहेस’ ही शाबासकी की टोमणा, हे अक्षरांवरून ठरत नाही. मोडी लिपीत तर विरामचिन्हेही नव्हती. प्रश्न कुठे आणि विधान कुठे, हे वाचणाऱ्याने आपले आपण ओळखायचे.

कधी सूर आणि व्याकरण एकाच शब्दात भेटतात. व्याकरण का शिकावे हे सांगताना पतंजलीने महाभाष्यात ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा दाखला दिला आहे. उदात्त, म्हणजे उंच, स्वर शेवटच्या अक्षरावर असेल, तर तत्पुरुष समास होऊन ‘इंद्राला मारणारा’ असा अर्थ निघतो. तोच पहिल्या अक्षरावर गेला, तर बहुव्रीही होऊन ‘इंद्र ज्याला मारणार आहे तो’. कथेप्रमाणे त्वष्ट्याच्या यज्ञात स्वर चुकला आणि इंद्राला मारण्यासाठी निर्माण केलेला वृत्र स्वतःच मारला गेला.

आजच्या मराठीत नामांच्या विकाराचा भार मुख्यतः सामान्यरूप उचलते. नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे जे रूप होते, ते सामान्यरूप. घोडा, पण घोड्याला आणि घोड्यावर. पाऊस, पण पावसात. गरीब, पण गरिबाला. इथे ऱ्हस्व-दीर्घही बदलते. हा बदल शब्दाचे लिंग आणि शेवटचा स्वर पाहून होतो, म्हणून ‘शाळा’चे ‘शाळे’ होते आणि ‘घोडा’चे ‘घोड्या’. लहान मूल हे नियम न शिकता बोलते. मोठेपणी मराठी शिकणाऱ्याला मात्र इथेच घाम फुटतो.

पण प्रत्येक शब्द वाकतोच असे नाही. ‘बँकेत’ आपण सहज म्हणतो, ‘कारेत’ म्हणत नाही. ‘टेबलावर’ आणि ‘टेबलवर’ दोन्ही ऐकू येतात. ‘रामाला’ म्हणणारे घर ‘सचिनला’ म्हणते. परका शब्द किती मुरला, हे त्याच्या सामान्यरूपावरून बरेचसे कळते. वर मीही ‘मोबाईलवर’ असेच लिहिले आहे आणि त्यात मला गैर वाटत नाही.

‘पुणेमध्ये’ची गोष्ट वेगळी. ते बोलण्यातून घडलेले नाही, यंत्राच्या साच्यातून आले आहे. अशा साच्यात वाक्य आधी तयार असते आणि गावाच्या नावाची जागा रिकामी असते. यादीतून नाव उचलायचे, तिथे बसवायचे आणि पुढे ‘मध्ये’ जोडायचे. इंग्रजीत गावाचे नाव बदलत नसल्याने हे खपते. मराठीत ‘सातारामध्ये’ आणि ‘ठाणेमध्ये’ तयार होतात.

भाषा बदलते आणि बदलू द्यावी, हे मान्य. पण हा बदल बोलणाऱ्यांनी केलेला नाही; साचा बनवणाऱ्याने वाचवलेल्या श्रमांचा तो परिणाम आहे, म्हणून तो स्वीकारायचे कारण नाही. उपायही अवघड नाही. मराठीत सेवा देणाऱ्यांनी गावांच्या यादीत आणखी एक रकाना ठेवावा: पुणे–पुण्या, ठाणे–ठाण्या, सातारा–साताऱ्या.