डोकं असलेला आणि डोकं नसलेला

'डोकं आहे का तुला?' घरात अम्मी विचारते, वर्गात आम्ही शिक्षक विचारतो. अक्कल मोजायची आपली फूटपट्टी तेवढी एकच. म्हणून या महिन्यात पोटासाठी धडपडणारे दोन जीव शेजारी ठेवून पाहू.

पहिला, हिरवट पाठीचा लहान बगळा. हा उष्ण प्रदेशातला पक्षी. आपल्या कोकणच्या खाड्यांतही कांदळवनाच्या मुळांवर मान आखडून बसलेला दिसतो. मराठीने 'बकध्यान' आणि उर्दूने 'बगुला भगत' म्हणून त्याच्या अख्ख्या खानदानाला ढोंगी ठरवलं आहे. पण हा नुसता बसत नाही. जपानचे पक्षिशास्त्रज्ञ हिरोयोशी हिगुची यांनी १९८०च्या दशकात कुमामोतो इथे त्याची युक्ती नोंदवली. किडा, काडी, पीस असं काहीतरी तो चोचीने पाण्यावर ठेवतो आणि थांबतो. मासा वर आला की झडप! आमिष वाहत गेलं तर उचलून पुन्हा ठेवतो. सगळ्याच बगळ्यांना हे जमत नाही.

दुसरा जीव जंगलात कुजक्या ओंडक्यावर पिवळ्या जाळीसारखा पसरतो. नाव फायसारम. बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नव्हे. तळहाताएवढा वाढला तरी एकच पेशी. डोळे नाहीत, मेंदू नाही. याला जपानमध्येच २००० साली चक्रव्यूहात ठेवलं. दोन्ही टोकांना खाऊ होता. तो आधी सगळ्या वाटांत पसरला, मग बंद गल्ल्यांतून अंग काढून घेत सर्वांत जवळच्या वाटेवर उरला. २०१०मध्ये टोकियो आणि भोवतालच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे मांडले, तर त्याने विणलेलं जाळं तिथल्या रेल्वेमार्गांशी बरंच जुळलं. शिवाय जिथून जातो तिथे चिकट माग सोडतो. तो माग पुन्हा लागला की सहसा वाट बदलतो. याची आठवण जमिनीवर असते!

बगळ्यासारखी मुलं आम्हाला लगेच ओळखू येतात: गप्प बसतात, नेमकं उत्तर देतात. दुसरी मुलं पानभर खाडाखोड करत, चुकीच्या वाटा खोडत उत्तरापाशी पोहोचतात. त्यांना आम्ही 'मठ्ठ' म्हणतो, वर गिचमिडीचे गुणही कापतो. मला हा सरळ अन्याय वाटतो. कच्चं काम खोडरबराने पुसायला लावणं तर त्याहून वाईट. मुलाचा माग त्यातच असतो.

पावसाळ्यात मुलांना घेऊन एखादा सडका ओंडका जरूर पाहा. पिवळी जाळी दिसली तर कडेला खडूने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. हात मात्र लावू देऊ नका.