जोडणी एक, अर्थ अनेक

एका गोष्टीला दुसरी जोडण्यासाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. ‘जॉइन’, ‘कनेक्ट’, ‘लिंक’, ‘अटॅच’ या प्रत्येकाची छटा निराळी. आपण मात्र बहुतेक ठिकाणी ‘जोडणे’ या एकाच क्रियापदावर भागवितो. वर्गात ही काटकसर खपून जाते. बँकेच्या खिडकीशी तिची किंमत मोजावी लागते.

माझ्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती मंजूर होऊनही हाती पडेना. ‘आधार जोडलेले आहे’ असा निर्वाळा बँकेने दिला होता आणि तो खोटाही नव्हता. ओळख पटविण्यापुरता आधार क्रमांक खात्याशी ‘लिंक’ झाला होता. ‘सीडिंग’ झालेले नव्हते. आधार क्रमांकावर पाठविलेले सरकारी पैसे कोणत्या बँकेकडे वळवावयाचे, हे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडील नोंदीवरून ठरते. त्या नोंदीत एका आधार क्रमांकापुढे एका वेळी एकाच बँकेचे नाव असते. ते नाव तेथे चढविणे म्हणजे ‘सीडिंग’. या मुलीच्या क्रमांकापुढे, शाळेत असताना उघडलेल्या आणि पुढे विसरल्या गेलेल्या खात्याच्या बँकेचे नाव होते; रक्कम तिकडे जमा झाली होती. दोन शब्दांतील हे अंतर उमगेपर्यंत तिचे दोन महिने हेलपाट्यांत गेले. २०२४ साली लाडकी बहीण योजना सुरू झाली, तेव्हा हाच अपरिचित शब्द राज्यातील खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांपुढे येऊन उभा राहिला.

मराठी येथे असमर्थ आहे काय? मुळीच नाही. अर्जासोबत दाखला जोडणे हेही ‘अटॅच’ आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ६० मध्ये ऋणकोच्या मालमत्तेचे होते तेही ‘अटॅच’च. परंतु दुसऱ्या ठिकाणी मराठीने ‘जोडणे’ म्हटले नाही, ‘जप्ती’ म्हटले. हा शब्द शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

कोणी म्हणेल, मग ‘सीडिंग’लाही प्रतिशब्द घडवा. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषेचे काम करीत आले आहे आणि ते मोलाचे आहे. पण ‘बीजन’ असा शब्द उद्या अर्जावर छापला, तरी त्या मुलीच्या ज्ञानात काय भर पडणार? तिला शब्दापेक्षा वाक्य हवे आहे: ‘तुमच्या आधार क्रमांकावर येणारे सरकारी पैसे यापुढे याच बँकेत जमा होतील, पूर्वी नोंदलेल्या बँकेत होणार नाहीत.’ एवढे वाक्य सहीच्या जागेच्या वर छापण्यास कोणता खर्च येतो?

व्यवहारातील एका पक्षाला अधिक ठाऊक असते तेव्हा तोटा दुसऱ्याच्या वाट्यास येतो, हे आम्ही वर्गात शिकवितो. येथे तो दुसरा पक्ष शिष्यवृत्तीवर शिकणारा आहे. आपण कशावर सही करीत आहोत हे त्याला त्याच्या भाषेत कळणे, हा त्याचा हक्क आहे.