मिठावर हरभरा पेरायला सांगणं थांबवा

कृष्णा-वारणाकाठच्या शेतकरी बंधुभगिनींनो,

यंदाच्या रब्बीतही नदीकाठच्या खोलगट रानांतला हरभरा बघता बघता गेला. पानांच्या कडा करपल्या, झाडं तांबूस पडली, वीतभर व्हायच्या आत वाळली. आणि ज्याचं पीक गेलं त्यालाच वर ऐकवण्यात आलं, "बीजप्रक्रिया केली नसणार तुम्ही." हे पत्रक त्या वाक्यासाठी आणि त्याच्या मुळाशी असलेल्या सल्ल्यासाठी काढलं आहे.

रानं क्षारपड कशी झाली, हे वाळवा, मिरज, शिरोळमध्ये कुणाला सांगायला नको. बोलायचं आहे ते "बेवड बदला, कडधान्य घ्या, जमीन सुधारेल" या सल्ल्याबद्दल. निचऱ्याच्या जमिनीत तो सोळा आणे खरा आहे. मीठ फुटलेल्या जमिनीत तो शेतकऱ्याला बुडवतो.

द्विदल पीक जमीन सुधारतं ते मुळांवरच्या गाठींच्या जोरावर. जिवाणू मुळाच्या केसातून आत शिरतो, गाठ धरते आणि हवेतला नत्र पिकाला मिळतो. मीठ वाढलं की मुळाचे केसच धड वाढत नाहीत, जिवाणूला वाट मिळत नाही. धरल्याच तर चार-दोन बारक्या गाठी धरतात. कामाची गाठ नखानं फोडली तर आत गुलाबी दिसते; खाऱ्या रानातली फोडून पाहा, बहुतेक वेळा फिकट निघेल. जिवाणू स्वतः बरंच मीठ सोसतो, मूळ सोसत नाही. मग पाकिटातला जिवाणू दुप्पट चोळला तरी काय होणार? बीजप्रक्रियेचा ठपका ठेवणाऱ्यांनी एकदा तरी बांधावर येऊन रोप उपटून पाहिलं का?

आता आकडे. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता मीटरला 4 डेसिसायमनच्या वर गेली की जमीन खारवट धरतात. आपण 6 धरू. क्षार सोसण्याचे जे आकडे जगभर वापरतात त्यांनी हिशेब केला, तर 6 वर उसाचं उत्पन्न सुमारे चौथ्या हिश्श्यानं घटतं. भुईमुगाचे पाचातले चार हिस्से जातात. घेवडा जवळजवळ पुराच जातो. सोयाबीन 5 पर्यंत तग धरतं, पण 8 वर त्याचंही निम्म्याहून जास्त पीक जातं. हरभरा तर सगळ्यांत नाजूक पिकांतला. पाच-सहाच्या पुढं त्याच्याकडून घाट्यांची आशाच नको. "उसाची हाव सुटत नाही तुमची," असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब वाचावा. खोलगट रानातल्या अल्पभूधारकाकडं शेवटी ऊसच उरतो, कारण मीठ वाढत गेलं की ही बाकीची पिकं त्याआधी मरतात.

दुसरं पालुपद असं, की हरभरा कमी पाण्यावर येतो, म्हणजे तो काटक. काटक आहे, पण कोरड्या रानात. खाऱ्या रानात ओल असते आणि ती मुळाला ओढता येत नाही, शिवाय आत जाणारं सोडियम आणि क्लोराईड पानं जाळतं. तहान सोसणारं पीक मीठही सोसेल, हे कुणी ठरवलं?

"मग जिप्सम टाका." जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे, सामू साडेआठच्या वर गेलेल्या जमिनीचं. नुसत्या खारवट रानात ते टाकणं म्हणजे पोत्याचे पैसे मातीत घालणं. आणि चोपण जमिनीतही सुटलेलं सोडियम वाहून न्यायला निचरा नसेल, तर तेही तिथंच राहतं.

धैंचाही द्विदलच आहे, आणि तो मीठ बऱ्यापैकी सोसतो, गाठीही धरतो. हिरवळीसाठी तो द्या, आमची ना नाही. पण धैंचाही मीठ शिवाराबाहेर नेत नाही.

मीठ येतं किती ते पाहा. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेलं पाणी भारतीय मानकानुसार पिण्याला चालतं. उसाला पाटानं वर्षात दोन मीटर पाणी दिलं, तर त्याच पाण्यातून एकरी चार टन क्षार रानात येतात. ते बाहेर न्यायला चर लागतो, मोकळा ओढा लागतो. बियाण्याची पिशवी चार टनांचं काय करणार? 1928 मध्ये इंग्लिस आणि गोखले या अभियंत्यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींच्या निचऱ्यावर लिहून ठेवलं होतं. जवळपास शंभर वर्षं झाली, आणि आमच्या हातात अजून हरभऱ्याची पिशवीच ठेवली जाते!

एकट्या शेतकऱ्यानं पाइप गाडून भागत नाही. त्याचं पाणी शेजाऱ्याच्या रानातूनच ओढ्याला जाणार, आणि ओढा तर बुजवलेला. म्हणून मागणी अशी: वाहकता आणि सामू तपासल्याशिवाय क्षारपड गटात कडधान्याचं बियाणं वाटू नका. बियाण्याचा पैसा आधी ओढे-नाले मोकळे करायला आणि गटवार निचऱ्याला लावा. ज्यांचा हरभरा यंदा जळाला, त्यांच्या नोंदीतून "बीजप्रक्रिया केली नाही" हा शेरा काढा. येत्या ग्रामसभेत हे तीनही ठराव मांडायचे आहेत. येताना आपल्या रानातलं एक उपटलेलं रोप मुळासकट घेऊन या.

— कृष्णाकाठचा एक क्षारपडग्रस्त शेतकरी