फेकलेल्या चेंडूवरील बल

एखाद्याने चेंडू सरळ वर फेकला. तो हातातून सुटला आहे, पण अद्याप वर चढत आहे. हवेचा अल्प विरोध बाजूला ठेवला, तर या क्षणी चेंडूवर कोणकोणती बले कार्य करीत आहेत? न्यूटनचे गतिविषयक नियम शिकून झालेल्या विद्यार्थ्यास हा प्रश्न विचारावा. पुष्कळदा उत्तर येते की, बले दोन आहेत : एक पृथ्वीचे, खाली ओढणारे, दुसरे हाताने दिलेले, वर नेणारे. हे दुसरे बल हळूहळू खर्च होते, शिखरावर दोन्ही समान होतात आणि मग चेंडू खाली येऊ लागतो. हे उत्तर सुसंगत आहे, ऐकणाऱ्यास पटण्याजोगे आहे. परंतु ते चुकीचे आहे. चेंडूवर बल एकच आहे, आणि ते पृथ्वीचे होय. हाताचे बल हाताचा स्पर्श सुटताच संपले. चेंडू वर जातो तो त्याला वेग मिळालेला आहे म्हणून. तो वेग टिकविण्यासाठी निराळ्या बलाची गरज नसते.

ही चूक आळशी किंवा मंदबुद्धी विद्यार्थ्यांचीच असते, असे मानण्याचे कारण नाही. जॉन क्लेमंट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडविलेल्या नाण्याविषयी हाच प्रश्न विचारला होता. त्यांपैकी बहुतेकांनी नाण्यावर वरच्या दिशेने बल दाखविले. यामिकीचा अभ्यासक्रम पुरा केल्यानंतरही अनेकांची समजूत बदलली नव्हती. सूत्रे पाठ होती, उदाहरणे सुटत होती. पण गतीविषयीची मूळ कल्पना जशीच्या तशी राहिली होती.

या समजुतीचे मूळ फार जुने आहे. वस्तू चालत राहण्यासाठी तिला कोणीतरी सतत चालविले पाहिजे, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. आपल्याकडील वैशेषिक दर्शनाने बाणाच्या गतीचा विचार केला आहे. त्यानुसार बाणाची पहिली हालचाल ‘नोदना’ने, म्हणजे धक्क्याने होते, त्या हालचालीतून बाणात ‘वेग’ नावाचा संस्कार उत्पन्न होतो व तो बाणाला पुढे नेतो, तो संस्कार नाहीसा झाला, की ‘गुरुत्वा’मुळे बाण पडतो. चौदाव्या शतकात पॅरिस येथे बुरिदान यानेही फेकणाऱ्याकडून वस्तूत शिरणाऱ्या अशाच एका प्रेरक गुणाची कल्पना मांडली. शाळेतील मूल चेंडूविषयी जे बोलते, ते या विचारवंतांच्या बोलण्याहून फारसे वेगळे नाही. म्हणून त्याच्या उत्तरावर नुसती लाल रेघ मारणे हा त्या उत्तराचा योग्य समाचार नव्हे.

शिवाय नित्याचा अनुभव मुलाच्याच बाजूने साक्ष देतो. बैलांनी ओढणे थांबविले, की गाडी थांबते. पायडल मारणे सोडले, की सायकल मंदावते. या अनुभवात कोठेही खोट नाही. त्यात दडलेला एक भागीदार मात्र दिसत नाही. तो म्हणजे घर्षण. सपाट रस्त्यावर गाडी एकसारख्या वेगाने चालते, तेव्हा बैलांची ओढ आणि चाकांना, आसाला व हवेला होणारा विरोध ही एकमेकांस तंतोतंत तोलून धरतात. गाडीवरील एकूण बल शून्य असते. बैल गती निर्माण करीत नसून, घर्षण जी गती हिरावून घेऊ पाहते ती राखीत असतात.

हा भागीदार गॅलिलिओने वेगळा काढून दाखविला. एका उतरणीवरून सोडलेला गोळा समोरच्या चढणीवर जवळजवळ मूळच्याच उंचीपर्यंत जातो. चढण जितकी सौम्य करावी, तितका तो अधिक लांब जातो. मग चढण मुळीच उरली नाही आणि विरोधही उरला नाही, तर गोळ्याने थांबावे तरी का? कॅरम खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला याचे उत्तर निम्मे ठाऊक असते. कोरड्या पाटावर स्ट्रायकर लवकर अडतो. पावडर टाकली, की तेवढ्याच टिचकीने तो कितीतरी दूर घसरतो. पावडरीने स्ट्रायकरला बल दिले नाही, विरोध कमी केला. हा विचार शेवटपर्यंत नेला, की न्यूटनचा १६८७ साली प्रसिद्ध झालेला पहिला नियम हाती येतो.

आपल्या वर्गांतून मात्र हा क्रम बहुधा उलटा असतो. प्रथम नियम फळ्यावर येतो, नंतर तो वहीत उतरतो, शेवटी परीक्षेत परत जातो. मुलाची स्वतःची समजूत या प्रवासात कोठेच विचारली जात नाही. त्यात भाषेचाही गोंधळ मिसळतो. बोलण्यात जोर, ताकद, शक्ती, बल हे शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात. ‘चेंडूत जोर आहे’ हे वाक्य कोणालाही खटकत नाही. शास्त्रात मात्र बल ही वस्तूच्या ‘आत’ असणारी चीज नाही. एका वस्तूने दुसरीवर केलेली ती क्रिया आहे. मराठी विश्वकोशात बलासाठी ‘प्रेरणा’ हा शब्द वापरलेला आढळतो. प्रेरणा म्हटली की प्रेरणारा कोणीतरी आलाच, एवढी सूचना त्या शब्दात आहे. जो वेग वैशेषिकांच्या मते गतीचे कारण होता, तोच शब्द आज गतीचे केवळ मापन दाखवितो. शब्द तेच राहिले, अर्थ बदलले. हे शिक्षकाने सांगितले नाही, तर मुलाने ते कोठून ओळखावे?

वर्गात साठ मुले, आणि प्रत्येकाची चुकीची समजूत ऐकत बसलो तर अभ्यासक्रम कधी संपावयाचा, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु रिचर्ड हेक यांनी १९९८ साली अमेरिकेतील ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचा ताळेबंद मांडला, तो येथे विचारात घ्यावा. आरंभीच्या चाचणीत जे गुण मिळावयाचे शिल्लक होते, त्यांपैकी केवळ व्याख्यानाने शिकलेल्या वर्गांनी सरासरी २३ टक्के मिळविले. जेथे विद्यार्थी अंदाज बांधीत, चर्चा करीत व पडताळून पाहत शिकले, तेथे हे प्रमाण ४८ टक्के होते. मुलांना बोलू दिल्याने चुका पक्क्या होतात, ही भीती या आकड्यांपुढे टिकत नाही. देश निराळा असला, तरी समजूत तीच आहे.

हा वाद केवळ परीक्षेच्या गुणांचा असता, तर त्याची इतकी मातब्बरी नव्हती. ताशी ५४ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने, जाणारी मोटार आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, असे समजा. मांडीवर बसलेले १० किलोग्रॅम वजनाचे मूल तेवढ्याच अंतरात थांबवावयाचे, तर सरासरी सुमारे २,२५० न्यूटन बल लागेल. सुमारे २३० किलोग्रॅमचे ओझे उचलून धरण्याइतके. कोणाचेही हात हे करू शकणार नाहीत. ‘मी घट्ट धरीन’ असे म्हणणाऱ्या सुशिक्षित मनुष्याने शाळेत जडत्वाचा नियम घोकलेला असतो. गतिमान वस्तू थांबविण्यासच बल लागते, हे मात्र त्याच्या मनात उतरलेले नसते. हीच गोष्ट २३ ऑगस्ट २०२३ रोजी साऱ्या देशाने पाहिली. चंद्रयान-३चा अवतरक चंद्रापासून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर सेकंदाला जवळजवळ १.७ किलोमीटर वेगाने जात होता. तेथे अडविणारी हवा नाही. म्हणून तो वेग घालविण्यासाठी इंजिने पेटवावी लागली.

यासाठी नव्या प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. एक कॅरमचा पाट, एक चेंडू आणि एक प्रश्न पुरेसा आहे. मुलाने आकृतीत बलाचा जो जो बाण काढला असेल, त्याविषयी शिक्षकाने विचारावे : हे बल कोणती वस्तू लावीत आहे? चढत्या चेंडूच्या खालच्या बाणाला ‘पृथ्वी’ असे उत्तर मिळेल. वरच्या बाणाला उत्तर मिळणार नाही, आणि तो खोडण्याचे काम मूल स्वतःच करील. नियम पाठ करावयास सांगण्याची वेळ त्यानंतरची आहे.