कौतुक पुरे, रॅम्प बांधा

पायांनी अधू मूल हातांवर भार देत शाळेच्या पायऱ्या चढते, तेव्हा आपण त्याच्या जिद्दीने गहिवरतो, शाल-श्रीफळ देतो. पायऱ्या मात्र तशाच राहतात. त्याला परावलंबी केले ते त्याच्या पायांनी की आपल्या बांधकामाने? एक इंच चढाला बारा इंच लांबी, हे रॅम्पचे मान्य प्रमाण. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट पुरतात. एवढ्यासाठी निधी नाही, आणि सत्काराच्या मांडवाला आहे! चाकाची खुर्ची आत जाईल असे शौचालय तर त्याहून निकडीचे. ते नसले की मुलगी दिवसभर पाणी न पिता वर्गात बसते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सुगमतेचे किमान नियम नुसती शिफारस नव्हेत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. कार्यकर्त्यांनी आता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला मोजपट्टी घेऊनच जावे आणि रॅम्पची तारीख इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.