जपानी पंगत आणि मोखाड्याचे पाणी

जपानी जेवणाचे नाव काढले की आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कच्चा मासा उभा राहतो आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः तो तेथे सुरू व्हावयास हवा. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली मोरिमोतो या विख्यात जपानी आचाऱ्याच्या नावाचे भोजनगृह निघाले, तेव्हा असले जेवण म्हणजे धनिकांची चैन समजली जात असे. आता शहरात अशी भोजनगृहे पुष्कळ झाली असून, बढतीच्या अगर निरोपाच्या निमित्ताने मध्यम स्थितीतील मंडळीही वर्षाकाठी एखादे वेळी तेथे जातात. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही.

आम्हांसही नुकताच असा योग आला. आमचे एक स्नेही नोकरीनिमित्त जपानला निघाले होते. त्यांच्या निरोपाचे हे जेवण होते. मंडळी आठ होती. स्नेह्यांच्या वडील भगिनी मोखाडा तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहेत. त्याही भावासाठी मुद्दाम आल्या होत्या. सर्वजण त्यांना ‘बाई’ म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो.

शाकाहारी कुटुंबांनी एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. ताटात वांगे किंवा काकडी दिसली म्हणजे पदार्थ निर्धोक, असे मानू नये. जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी ‘दाशी’ नावाचे एक सार असते. ते बहुधा समुद्रातील शेवाळ आणि वाळवून किसलेला मासा यांपासून सिद्ध करतात, आणि सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोच्या कढणातही तेच घालतात. नुसत्या शेवाळाचे किंवा अळंब्यांचे सार मिळेल काय, हे आरंभीच विचारावे. यात संकोचाचे कारण नाही. जपानातील झेन मठांत ‘शोजिन’ नावाचा संपूर्ण शाकाहारी स्वयंपाक कित्येक शतके चालत आला आहे.

बाकी, ज्याने लहानपणी पाटावर बसून पंगतीत जेवण केले आहे त्याला तेथे फारसे परके वाटू नये. आपल्या पानाची डावी-उजवी बाजू जशी ठरलेली, तशी त्यांचीही. भाताची वाटी डावीकडे आणि साराची उजवीकडे. भातात काड्या उभ्या रोवणे तेथे अशुभ, कारण मृताला ठेवलेल्या भातात त्या तशा रोवतात. पिंडदानाचा संकेत जाणणाऱ्या घरास हे निराळे समजावून सांगावयास नको. ‘ओमाकासे’ म्हणून जो प्रकार आहे त्यात काय वाढावयाचे ते आचारीच ठरवितो. यजमानाच्या घरी आपणही दुसरे काय करतो?

पण आम्हांस विशेष वाटले ते त्यांच्या दोन शब्दांचे. स्नेह्यांनी जपानी भाषेचे थोडे शिक्षण घेतले असल्यामुळे त्यांनी ते समजावून दिले. घास घेण्यापूर्वी जपानी मनुष्य ‘इतादाकिमासु’ म्हणतो. त्याच्या मूळ धातूचा अर्थ मिळालेली वस्तू मस्तकी धारण करणे, आपण प्रसाद मस्तकी लावतो तसा. जेवण झाल्यावर तो ‘गोचिसोसामा’ म्हणतो. त्यातील मधला शब्द लिहिताना जी चिन्हे वापरतात त्यांचा मूळ अर्थ आहे धावाधाव. हे अन्न पुढे येण्यासाठी ज्याने पायपीट केली, त्याच्या पायपिटीला केलेला हा नमस्कार होय.

इतक्यात वाढप्याने विचारले, “बाटलीचे परदेशी पाणी आणू की साधे?”

“साधेच आणा,” बाई म्हणाल्या, “ते आमच्याकडचे आहे.”

मंडळी हसली, पण बाईंनी विनोद केला नव्हता. वैतरणा नदीवरील मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ आहे. उंची शंभर मीटरांहून अधिक. २०१४ साली त्याचे लोकार्पण झाले. रोज सुमारे साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मुंबईस पुरविण्यासाठी ते बांधले. त्याच तालुक्यात पावसाळ्यात पाऊस कोसळतो, पण उताराच्या कातळावरून तो धावत नदीला मिळतो, आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. अलीकडच्या वर्षांपर्यंत तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागले आहे. नागली आणि वरई पिकविणाऱ्या वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी घरांतील स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. ज्या वरईची भगर आपण एकादशीस हौसेने रांधतो, ती शिजवावयास तेथे पाणी प्रथम चालत आणावे लागते.

मंडळींपैकी एक गृहस्थ म्हणाले, “पण बाई, धरण नसते तर ते पाणी समुद्रालाच मिळाले असते की!”

“मिळाले असते,” बाई शांतपणे म्हणाल्या. “धरणाबद्दल माझी तक्रारच नाही. मुंबईकरांनाही तहान आहे. पण एवढ्या लांब मुंबईला पोहोचणारे पाणी शेजारच्या पाड्यावर चढत नाही, एवढेच माझ्या वर्गातल्या मुलींना समजावून सांगता येत नाही. त्या हंडा ठेवून शाळेत येतात, तोवर पहिला तास संपलेला असतो.”

यावर कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. बिलात तांदूळ, मासा, आचाऱ्याचे कौशल्य, दिव्यांची आरास या सर्वांचे मोल लागले होते. साध्या पाण्याचे मोल मात्र शून्य होते. म्हणजे ज्या गोष्टीमागे सर्वांत अधिक धावाधाव, तिचीच किंमत कोणी मांडली नव्हती.

जपानातील एइहेइजी या झेन मठाचे संस्थापक दोगेन (१२००–१२५३) यांनी १२३७ साली मठाच्या आचाऱ्यासाठी एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, ओढ्यातून पळीभर पाणी घेतले की ते अर्धेच वापरीत आणि उरलेले अर्धे पुन्हा ओढ्यात सोडीत, पुढच्या माणसासाठी. आपल्याकडेही भोजनाचा आरंभ आणि शेवट आपोशनाच्या पाण्यानेच होतो. पळीभर पाण्याचा मान आपणांस नवा नाही. तो फक्त आचमनापुरता उरला आहे.

अर्धा पेला पाणी वाचविल्याने मोखाड्यातील एकही हंडा भरणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पाणी कोठून येते हे ज्या घरात ठाऊक आहे, त्या घरातील माणूस पाण्याची पट्टी भरताना आणि मत देताना एक प्रश्न अधिक विचारील. उगमाजवळच्या पाड्यांचा वाटा प्रथम का काढू नये? हा प्रश्न शहरातून विचारला जाईल तेव्हाच त्याला वजन येईल. तोवर गृहिणींनी एवढे करावे की, मुलांच्या पानाशी भांडे भरून न ठेवता अर्धे ठेवावे. तहान असेल तर ती पुन्हा मागतील. आणि मागतील तेव्हा कोचाळे कोठे आहे, तेही त्यांना सांगावे.