इंजिन सुरू होत नाही: दोष यंत्राचा की आपला?

पावसाचा जोर ओसरला की कोकणातील आंबा-काजूच्या बागांतून गवतकापणीचे काम सुरू होते. बाग नीटनेटकी दिसावी एवढ्याचसाठी हे काम करावयाचे नसते. वाळलेले गवत बागेत तसेच उभे राहिले, तर पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी कोठून तरी आलेला वणवा त्या गवतावरून झाडांच्या बुंध्यापर्यंत पोहोचतो आणि दहा-पंधरा वर्षे जोपासलेली कलमे एका दुपारी होरपळून जातात. गवत वेळेवर कापणे हा बागेच्या रक्षणाचाच भाग आहे.

हे काम पूर्वी विळ्याने होत असे. आता मजूर मिळत नाहीत, म्हणून घरोघरी पेट्रोलवर चालणारे ग्रासकटर आले आहे. घाटावर त्याच जातीचे इंजिन पॉवर वीडरवर आणि फवारणी पंपावर दिसते; शहरांतील बागांत हिरवळ कापणाऱ्या यंत्रावरही तेच असते. यंत्रे निरनिराळी असली, तरी तक्रार मात्र सर्वांची एकच : ‘मागच्या हंगामात झकास चालत होते; आता कितीही दोरी ओढली तरी सुरूच होत नाही.’

या तक्रारीविषयी प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. सुरू न होणारी अशी बहुतेक इंजिने बिघडलेली नसतात. ती नीट ठेवलेली नसतात. आणि ती कशी ठेवावीत, हे शेतकऱ्यास सांगण्याचे काम आम्ही विस्तार कार्यकर्त्यांनी पुरेसे केलेले नाही.

एक अनुभव

हे मत पुस्तकातून बनलेले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका बागायतदारांच्या घरी गेलो होतो. अंगणात ग्रासकटर उताणे पडले होते आणि त्यांचा मुलगा सकाळपासून दोरी ओढून घामाघूम झाला होता. ‘साहेब, तुम्ही शिकलेले, तुम्हीच बघा,’ असे म्हणून त्यांनी यंत्र माझ्यापुढे ठेवले. कृषि महाविद्यालयात इंजिनाचे चार फेरे मी फळ्यावरून वहीत उतरवून घेतले होते आणि परीक्षेत ते अचूक लिहिलेही होते. त्या अंगणात मात्र मी एवढेच केले, की मीही दोरी ओढू लागलो. अखेर दोरी तुटली.

यंत्र तालुक्याच्या गावी गेले. तेथे कामाची गर्दी होती, त्यामुळे ते परत यावयास आठ दिवस लागले. मेकॅनिकने कोणताही मोठा भाग बदलला नव्हता. टाकीत मागील वर्षाचे पेट्रोल होते. ते कार्ब्युरेटरमध्ये सुकून त्याचा चिकट थर बारीक छिद्रात बसला होता. तो काढला, प्लग पुसला, ताजे पेट्रोल घातले आणि इंजिन सुरू झाले. त्या कुटुंबाचे ऐन हंगामातील आठ दिवस आणि जाण्यायेण्याचे भाडे गेले, ते एका भांडेभर शिळ्या पेट्रोलापायी. माझे जे गेले, त्याची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे.

डिझेल इंजिनाची सवय येथे चालत नाही

आपल्या गावांना इंजिन नवीन नाही. विहिरीवरचे डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करणारी, तेलाच्या नळीत हवा धरली तर ती काढून टाकणारी एक पिढी महाराष्ट्रात होऊन गेली आहे. ते ज्ञान मोलाचे होते. परंतु लहान पेट्रोल इंजिनास ते जसेच्या तसे लागू पडत नाही. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते. तेथे ठिणगीचे काम नाही. पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल योग्य प्रमाणात एकत्र यावे लागतात, ते मिश्रण दाबले जावे लागते आणि नेमक्या क्षणी प्लगने ठिणगी द्यावी लागते. हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब या चारांपैकी एक जरी उणे पडले, तरी इंजिन सुरू होणार नाही. चारही असतील, तर ते सुरू झाल्यावाचून राहणार नाही. म्हणून दोरी ओढण्याचा जोर वाढविण्याऐवजी या चारांपैकी काय कमी पडले आहे, ते क्रमाने शोधावे.

तपासणीचा क्रम

यंत्र उघड्या हवेत, सपाट जागी ठेवावे. इंजिन थंड असावे. जवळ विडी, चूल वा दिवा नसावा. पात्याजवळ हात न्यावयाचा असेल, तर प्रथम प्लगची टोपी काढून बाजूस करावी. हा नियम कधीही मोडू नये. पाते हाताने फिरविले तरी इंजिन अवचित चालू होऊ शकते.

पहिली पायरी अगदी साधी आहे, आणि म्हणूनच ती वगळली जाते. स्विच चालू आहे काय? पेट्रोलची तोटी उघडी आहे काय? थंड इंजिनास चोक लावला आहे काय? फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइलची पातळी पुरेशी आहे काय? काही इंजिनांत ऑइल कमी असल्यास ठिणगी आपोआप बंद होण्याची सोय असते. अशा वेळी इंजिन स्वतःचे रक्षण करीत असते आणि आपण त्यास बिघडलेले समजतो.

दुसरी पायरी पेट्रोलची. ते कधी भरले होते, हे आठवावे. महिना-दोन महिन्यांहून जुने असल्यास ते काढून ताजे घालावे. आजच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ साली देशात हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. हे इथेनॉल आपल्या उसापासूनही बनते, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि त्याचा एक गुणधर्म ध्यानी ठेवला पाहिजे : ते हवेतील ओलावा ओढून घेते. कोकणच्या पावसाळ्यात अर्धवट भरलेली टाकी चार महिने पडून राहिली, तर हा ओलावा साचत जातो. पाणी फार झाले म्हणजे ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तर तळातूनच पेट्रोल घेते. जुन्या यंत्रांतील रबरी नळ्याही अशा पेट्रोलाने लवकर खराब होऊ शकतात. त्या हाताने दाबून पाहाव्यात.

येथेच इंजिनाची जात ओळखून घ्यावी. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलातच मिसळावे लागते. फोर-स्ट्रोक इंजिनात ते वेगळ्या जागी भरतात. टू-स्ट्रोकमध्ये नुसते पेट्रोल घातले तर इंजिन जाम होते. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल मिसळले तर धूर होतो आणि प्लगवर काजळी धरते. मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. एकास पन्नास असे प्रमाण असेल, तर एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर ऑइल. एकास पंचवीस असेल, तर ४० मिलिलिटर. हे अंदाजाने ओतू नये. औषध मोजण्याचे माप आपल्या घरी असतेच. तसे एक वेगळे माप ऑइलसाठी ठेवावे.

तिसरी पायरी हवेची. हवेचा फिल्टर काढून पाहावा. गवताची भुकटी आणि धूळ यांनी तो चोंदला असेल, तर इंजिनाचा श्वास कोंडतो. स्पंजाचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा. कागदी फिल्टर मात्र धुऊ नये. हलके आपटून धूळ झाडावी, अथवा नवा घालावा.

चौथी पायरी प्लगची, आणि सर्वांत जास्त ज्ञान येथेच मिळते. दहा-बारा वेळा दोरी ओढल्यानंतर प्लग काढावा आणि त्याचे टोक पाहावे. टोक कोरडे असेल, तर पेट्रोल आत पोहोचतच नाही. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र, टाकीतील गाळणी, नळी आणि शेवटी कार्ब्युरेटर या क्रमाने अडथळा शोधावा. टोक पेट्रोलाने ओलेचिंब असेल, तर पेट्रोल जास्त झाले आहे. अशा वेळी चोक काढावा, तोटी बंद करावी, स्विच बंद ठेवून प्लगविना चार-सहा वेळा दोरी ओढावी, प्लग पुसून कोरडा करावा आणि थोडा वेळ थांबून मग प्रयत्न करावा. टोक काजळीने काळे झाले असेल, तर तारेच्या ब्रशाने साफ करावे. दोन टोकांतील अंतर साधारणपणे ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. आपल्या यंत्राचे नेमके अंतर पुस्तिकेत पाहावे.

ठिणगी पाहावयाची असेल, तर सांडलेले पेट्रोल प्रथम पुसून ते पूर्ण उडू द्यावे. प्लगच्या छिद्रावर कापडाचा बोळा ठेवावा. मग प्लग टोपीत बसवून, त्या छिद्रापासून दूर, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या अंगास टेकवावा व दोरी ओढावी. प्लग उघड्या बोटांनी धरू नये; रबरी मुठीच्या पकडीने धरावा. निळसर, ठसठशीत ठिणगी दिसली तर ठीक. न दिसल्यास नवा प्लग लावून पुन्हा पाहावे. तरीही ठिणगी नसेल, तर मात्र यंत्र मेकॅनिककडे न्यावे.

दाबाविषयी शेतकऱ्याने एवढेच ओळखावे : दोरी ओढताना हातास नेहमीचा विरोध जाणवत नसेल, ती सैल येत असेल, तर प्लग घट्ट बसला आहे की नाही ते पाहावे. बसलेला असूनही दोरी सैलच येत असेल, तर दोष आतील आहे. तसेच हिरवळ कापणाऱ्या यंत्राचे पाते दगडावर आपटल्यानंतर इंजिन बंद पडून पुन्हा सुरू होत नसेल, तर फ्लायव्हीलची चावी तुटली असण्याचा संभव असतो. ही दोन्ही कामे जाणकाराचीच होत.

दोन आक्षेप

‘शेतकऱ्याने शेती करावी की मेकॅनिक व्हावे?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु बैलाच्या खांद्यास आवाळू आले आहे, हे ओळखण्यासाठी शेतकऱ्यास पशुवैद्य व्हावे लागत नसे. काय घरी पाहावयाचे आणि केव्हा दवाखान्यात न्यावयाचे, एवढे त्यास ठाऊक असे. इंजिनाच्या बाबतीतही तेवढेच अपेक्षित आहे. प्लग, फिल्टर व पेट्रोल ही घरची कामे; कार्ब्युरेटरची आतील जुळणी, मॅग्नेटो आणि पिस्टन ही मेकॅनिकची. ही सीमारेषा माहीत नसल्यामुळेच कित्येक चांगले कार्ब्युरेटर घरच्या घरी स्क्रू फिरवून बिघडविले जातात.

दुसरा आक्षेप असा, की काही यंत्रेच हलकी असतात आणि त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. हे खरे आहे, आणि त्याचा दोष शेतकऱ्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. यास्तव खरेदीच्या वेळीच तीन गोष्टी मागून घ्याव्यात : मराठीतील पुस्तिका, एक जादा प्लग व त्याचा पाना, आणि सुटे भाग जवळपास कोठे मिळतील त्याची लेखी माहिती. जो विक्रेता ही तीन देऊ शकत नाही, त्याची किंमत कमी असली तरी तो स्वस्त नव्हे.

आमचे काम

कृषि यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ साली सुरू झाल्यापासून अनुदानावर पुष्कळ यंत्रे गावांत आली. आम्ही अर्ज भरून घेतो, यंत्राची पाहणी करतो, शेतकऱ्यासह छायाचित्र काढतो आणि तेथे आपले काम संपले असे समजतो. प्रात्यक्षिकातही आधी तपासून आणलेले यंत्र पहिल्याच ओढीस सुरू करून दाखवितो. शेतकरी टाळ्या वाजवितात. परंतु त्यांच्या कामाचे त्यांस काहीच मिळालेले नसते.

माझी ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना सूचना आहे, की प्रात्यक्षिकास सुरू न होणारे यंत्र न्यावे. गावातीलच एखादे पडून राहिलेले यंत्र मागून घ्यावे आणि वरील क्रमाने शेतकऱ्यांच्याच हातून ते तपासावे. प्लग त्यांनी काढावा, टोक त्यांनी पाहावे, कोरडे की ओले ते त्यांनी सांगावे. घरातील जी व्यक्ती यंत्र प्रत्यक्ष चालविते, मग तो मुलगा असो वा सून, तिलाच पुढे बोलवावे. या कामास निधी लागत नाही. एक प्लग-पाना, एक ब्रश आणि दोन तासांचा वेळ पुरतो. यंत्र सुरू झाले नाही, तरी हरकत नाही. ते मेकॅनिककडे नेण्याजोगे आहे, एवढे कळले तरी प्रात्यक्षिक सफल झाले असे मानावे.

हंगाम संपताना

शेतकरी बंधूंनो, वरील सर्व खटाटोप बहुतांशी टाळता येतो. हंगामाचे शेवटचे गवत कापून झाले, की टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे आणि उरलेल्या थेंबांवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. फिल्टर साफ करावा. यंत्र पुसून, जमिनीच्या ओलीपासून वर, फळीवर ठेवावे. फोर-स्ट्रोक यंत्र आडवे ठेवू नये. त्याचे ऑइल फिल्टरमध्ये वा सिलिंडरमध्ये शिरते. टाकीवर खडूने तारीख लिहावी.

या कामास अर्धा तास लागतो. पुढील वर्षी पाऊस ओसरेल, गवत कमरेएवढे वाढलेले असेल आणि मजूर मिळणार नाही, तेव्हा हाच अर्धा तास तुमचे आठ दिवस वाचवील.